गाणें टिपणारी खोली

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामच्या आश्रमांतील सामुदायिक प्रार्थना उघड्या मैदानावर होत आली आहे. तेथें मुखांतून निघालेला स्वर परत फिरत नाहीं. त्याला परतविणारी भिंतच नसते. तेंच भजन चुनेगच्ची दिवाणखान्यांत म्हटलें, तर शब्दावर शब्द चढून अर्थ बुडतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीची रचना म्हणजे या दोन टोकांमधील मार्ग होय.

ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर धांवतो. भिंत १७ मीटरांवर असली, तर एकदशांश सेकंदानें प्रतिध्वनि वेगळा ऐकूं येतो. लहान खोलींत मात्र परतलेले स्वर मूळ स्वरालाच शेपटासारखे चिकटतात. हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस साबिन यांनीं १८९५ पासून नाट्यगृहांतील गाद्या व्याख्यानगृहांत मांडून या शेपटाचें मोजमाप केलें. खोलीचें घनफळ वाढलें कीं घुमणें वाढतें. ध्वनि शोषणारा पृष्ठभाग वाढला कीं घटतें, हा त्यांचा नियम.

भाषणास अर्ध्या सेकंदाहूनही कमी घुमणें पुरतें. गायनास थोडें अधिक लागतें. तें मुळींच नसेल, तर गवयास स्वतःचा स्वर पुरेसा ऐकूं येत नाहीं व तो नकळत आवाज चढवितो. म्हणून कांहीं भाग जाड पडद्यांनीं व सच्छिद्र फळ्यांनीं झांकतात, कांहीं भाग लांकडी ठेवतात, आणि समोरासमोरच्या भिंती किंचित् तिरप्या बांधतात.

बाहेरचा गलका थांबविण्यास मात्र पडदे निरुपयोगी. त्याला वजनच अडवितें. यास्तव दुहेरी भिंती, मध्यें पोकळी आणि एकामागें एक दोन दारें.

१९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें हॉटेलच्या खोलींत मुद्रित झालें. तेव्हांचा कर्णा जवळचा, मोठाच आवाज टिपी. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि गाण्याबरोबर खोलीही मुद्रित होऊं लागली.

आज मुद्रणयंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. कोरड्या मुद्रणांत घुमणें मागाहून घालतां येतें. पण एकदां मिसळलेलें घुमणें निर्मळपणें काढतां येत नाहीं. तेव्हां घरांतील आजीच्या ओव्या टिपावयाच्या, तर पंखा बंद करावा, गाद्या व कपडे असलेली खोली निवडावी आणि यंत्र तिच्याजवळ, हातभर अंतरावर ठेवावें. खोली पुन्हां बांधतां येते. गेलेला कंठ पुन्हां लाभत नाहीं.