दार बसलं एकदाचं!

बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गेल्या रविवारी आम्ही चार तास एकाच दाराकडे बघत बसलो होतो. दार होतं 1966 च्या स्टँडर्ड हेराल्डचं. गाडी माझ्या मित्राच्या आजोबांची. पालघरच्या घरामागे उभी, ड्रायव्हरचं दार लागत नाही म्हणून कित्येक वर्षं नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं. यंदा दिवाळीआधी ती भंगारात द्यायची, असं घरात ठरलं होतं. मित्रानं तेवढी एक मुदत मागून घेतली, आधी दार बसवून बघतो म्हणाला.

हेराल्ड हे नाव आपल्या पिढीनं फारसं ऐकलेलं नाही. इंग्लंडच्या ट्रायम्फनं ती 1959 मध्ये आणली. डिझाइन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून ती आपल्याकडे बनवली. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. आज जगभरातले शौकीन जपतात ती हीच. म्हणजे पालघरची ही म्हातारी स्पिटफायरची थोरली बहीणच! दोघींचं दुखणंही एकच, दारं.

आधीच्या एका गॅरेजमध्ये दाराची कड हातोड्यानं ठोकून ‘इलाज’ झाला होता. बोईसरच्या मिस्त्रीकाकांनी मात्र दाराला तासभर हातच लावला नाही. गाडी जॅकवरून उतरवून सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी केली. मग उघडं दार खालून नुसतं उचलून पाहिलं. हललं असतं, तर बिजागरीची पिन झिजलेली. हललं नाही. मग काका टॉर्च घेऊन थेट गाडीखाली!

दोष तिथेच होता. हेराल्डच्या बॉडीचे पुढचा आणि मागचा असे वेगळे भाग चासीवर बोल्टनं बसवलेले असतात. मध्ये पातळ पट्ट्या. आपल्याकडचं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांत त्या पट्ट्या गंजून भुगा झाल्या होत्या. मागचा भाग खाली बसला, दाराची वरची फट रुंदावली आणि लॉक जागेवर येईना. दार बिचारं सरळच होतं!

पुढचं काम म्हणजे निव्वळ पेशन्स. आधी दाराचं रबर आणि खांबावरचा लॉकचा खटका काढला, कारण ते दार ओढून धरतात आणि खरी फट दिसत नाही. बोल्ट सैल करून मागच्या बाजूला एक पट्टी सरकवली. फट मोजली. अजून एक. पुन्हा मोजली. मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण 4-5 मिलिमीटर झाली, तेव्हा कुठे बिजागऱ्यांचे बोल्ट आवळले. बॉनेट सगळ्यात शेवटी, दाराच्या रेषेला धरून. रंगाचं नाव आताच काढायचं नाही.

स्पिटफायरमध्ये हे काम आणखी अवघड. तिथे दाराखालचा उंबऱ्यासारखा पत्राच गाडीचा भार पेलतो. दाराच्या चौकटीला आतून आडवा आधार न देता गंजलेला पत्रा कापला, तर गाडी मधोमध वाकते. मग कितीही ठोका, दार बसत नाही.

ठोकाठोकी टाळायचं आणखी एक कारण आहे. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन किंवा रॅलीला नेता येते. मित्राची सगळी भिस्त आता यावरच आहे.

संध्याकाळी आजोबांना रिक्षानं शेडवर आणलं. ते डावीकडच्या दाराकडे वळले, सवयीनं. मित्रानं त्यांना उजवीकडे आणलं. ते बसले, दार ओढलं. टक! एकाच आवाजात लागलं. आजोबांनी ते उघडून पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

डावं दार अजून बाकी आहे. भंगारवाल्याचा फोन आला होता. तो आजोबांनीच घेतला, म्हणाले, गाडी कामावर आहे.