मोटारीचा मोठेपणा

नवी मोटार घरीं येते ती एकटी येत नाहीं. तिच्याबरोबर पेढ्यांचा पुडा येतो, झेंडूची माळ येते, चाकांखालीं ठेवावयाचीं लिंबें येतात, आणि मुख्य म्हणजे बोलण्यास एक न संपणारा विषय येतो. "गाडी काढली" हे दोन शब्द उच्चारतांना एरवीं अत्यंत मितभाषी असलेल्या गृहस्थाच्या मुद्रेवरहि जें तेज चढतें, तें त्याच्या बढतीच्या वार्तेनेंहि चढलेलें नसतें. ऐकणाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला पडली?" आणि दुसराहि ठरलेला, "अॅव्हरेज काय देते?" पहिल्या उत्तरांत किंमत थोडी वाढते व दुसऱ्यांत पेट्रोल थोडें कमी होतें. एकंदरींत मालकानें सांगितलेला अॅव्हरेज हा नेहमींच उताराच्या रस्त्यावरचा असतो!

आपल्या वाहनाचें कौतुक असणें हा कांहीं अपराध नव्हे. पोळ्याच्या दिवशीं शेतकरी बैलांचीं शिंगें रंगवितो, अंगावर झूल घालतो, आणि गांवभर मिरवितो. त्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाहीं. कारण तो बैल वर्षभर राबलेला असतो, आणि मिरवणूक असते ती त्या कष्टांची. मोटारीच्या मिरवणुकीलाहि हीच कसोटी लावून पाहिली, तर मोटारमालकांच्या गप्पांत निर्मळ आनंद कोठें संपतो व घातक डामडौल कोठें सुरू होतो, हें बऱ्याच अंशीं उमगतें. मोटारीचा इतिहासच या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

माहेरच्या वाटेवर

कार्ल बेंझ या जर्मन यंत्रविशारदानें १८८६ च्या २९ जानेवारीस आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. गाडी चालत होती. पण लोक ती कुतूहलानें पाहत आणि आपापल्या घरीं जात. घेण्यास कोणी पुढें येईना. अशा वेळीं १८८८ च्या ऑगस्टमध्यें एके दिवशीं पहाटे त्याची पत्नी बेर्था, यजमानांना न सांगतां, दोन मुलांना बरोबर घेऊन त्या गाडींतून निघाली. जावयाचें होतें मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, म्हणजे शंभरांहून थोड्या अधिक किलोमीटरांवर आपल्या आईकडे! मोटारीचा पहिला दूरचा प्रवास हा असा माहेरच्या वाटेवर घडला, हें आमच्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

वाटेंत इंधन संपलें, तेव्हां विस्लोख या गांवीं एका औषधविक्याकडून डाग काढण्याचें द्रव विकत घेऊन तिनें तें वापरलें. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, त्यांवर चांभाराकडून चामडें बसवून घेतलें. चढावर मुलांनीं गाडी ढकलली. माहेरीं पोंचल्यावर तिनें यजमानांना तार केली. आणि कांहीं दिवसांनीं त्याच गाडींतून परतल्यावर, चढासाठीं गाडीला आणखी एका गियरची जरुरी आहे, असा आपला अनुभव सांगितला.

हेंहि एक प्रकारचें प्रदर्शनच होतें. लोकांनीं पाहावें, बोलावें, हा हेतु त्यांत होताच. परंतु त्या प्रदर्शनांत गाडीनें काम केलें, आणि घरीं परतल्यावर झालेल्या गप्पांतून गाडी सुधारली. मोटारीविषयीं झालेलें हें पहिलें मोठें संभाषण आजहि आदर्शवत् आहे.

कलकत्त्याचा हंस

याच्या अगदीं उलट उदाहरण आपल्याच देशांत घडलें. कलकत्त्यांत राहणाऱ्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या धनिक इंग्रजी गृहस्थानें १९१० मध्यें इंग्लंडांतील लोस्टॉफ्ट येथील ब्रूक कंपनीकडून एक मोटार घडवून आणविली. तिचा पुढील भाग प्रचंड हंसाचा होता. हंसाचे डोळे विजेच्या दिव्यांनीं चमकत. चोंचींतून वाफेचा फवारा सुटून समोरची गर्दी हटत असे. आणि वर्णनांत भर म्हणून मागील बाजूस रस्त्यावर चुन्याचें पांढरें पाणी टाकण्याचीहि सोय होती, कीं जणुं हंसच विष्ठा टाकीत चालला आहे! पहिल्याच फेरींत रस्त्यावर इतका गोंधळ माजला कीं पोलिसांनीं त्या गाडीला रस्त्यावर येण्यास मनाई केली. पुढें ती नाभाच्या महाराजांनीं घेतली, आणि हल्लीं ती हॉलंडमध्यें हेग येथील लाउमन संग्रहालयांत आहे.

इतका पैसा व इतकें कौशल्य खर्चून तयार झालेली ही गाडी रस्त्यावर चालण्याच्या मुख्य कामालाच निरुपयोगी ठरली. ज्या वाहनाचें सारें लक्ष बघ्यांकडे, त्याला आंत बसणाराचें सुख गौणच वाटणार!

शेजाऱ्याकडे पाहून

राजेरजवाड्यांची हौस त्यांच्यापुरती होती. ती मध्यम वर्गाच्या घरांत कशी शिरली, हें पाहण्यास अमेरिकेकडे वळलें पाहिजे. हेन्री फोर्ड यांनीं १९०८ मध्यें 'मॉडेल टी' ही मोटार ८५० डॉलरांस बाजारांत आणली. उत्पादन वाढवीत त्यांनीं १९२५ पर्यंत तिची किंमत तीनशें डॉलरांच्याहि खालीं नेली. मधलीं कित्येक वर्षें तर ती केवळ काळ्या रंगांत मिळे. शेतकरी, वैद्य, शिक्षक सर्वांची मोटार एकसारखी. मग मिरवावयाचें काय? मिरवावयाचें तें गाडीनें कोणत्या चिखलांतून बाहेर काढलें, हेंच.

'जनरल मोटर्स'चे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनीं मात्र मनुष्यस्वभावाची दुसरी नाडी ओळखली. प्रत्येक खिशाला परवडेल अशी निरनिराळी मोटार त्यांनीं ठेवली. तळाशीं शेव्हरोलेट, शिखरावर कॅडिलॅक आणि मध्यें पायऱ्या. शिवाय गाडीचें रूप वारंवार पालटावें, म्हणजे कालची चांगली चालणारी गाडीहि मालकाला जुनी वाटूं लागते, ही युक्ति त्यांनीं रूढ केली. १९२७ मध्यें दीड कोटींहून अधिक गाड्या विकून 'मॉडेल टी'चें उत्पादन थांबलें. तेव्हांपासून मोटार हें जाण्यायेण्याचें साधन तर राहिलेंच, पण तें मनुष्याचा दर्जा सांगणारें पदकहि झालें. आपली गाडी बिघडली म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याची नवी आली म्हणून बदलावीशी वाटणें, हा रोग त्या काळापासूनचा आहे.

नंबर लागण्याचे दिवस

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें या रोगाला वावच नव्हता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या 'प्रीमियर'ची फियाट आणि 'हिंदुस्थान मोटर्स'ची अॅम्बॅसॅडर, या दोन नांवांभोंवतींच बहुतेकांची निवड फिरे. पैसे भरून नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. मुलगा शाळेंत असतां नोंदविलेली गाडी तो कॉलेजांत गेल्यावर यावयाची!

म्हणूनच त्या काळच्या मोटारीच्या गप्पा निराळ्या होत्या. बोरघाटांत इंजिन तापलें तेव्हां बॉनेट उघडून, फडक्यानें झांकण धरून पाणी कसें घातलें. कार्बुरेटर कोणी साफ केला. अमक्या फिटरचा हात कसा हलका आहे. थंडीच्या दिवसांत गाडी सुरू होईना तेव्हां आळींतल्या कोणकोणत्या मुलांनीं धक्का मारला. अशा त्या कथा. गाडी एकाची, पण रात्रीं-अपरात्रीं प्रसूतीसाठीं निघालेली शेजारीण, स्टेशनावर सोडावयाचे पाहुणे, वऱ्हाडांतील म्हातारीं माणसें, सर्वांचा तिच्यावर हक्क. मालक मिरवीत असे तो गाडीचें दीर्घायुष्य आणि आपली निगा. पोळ्याच्या बैलाप्रमाणें ती गाडीहि राबलेली असे. गाडी दुर्मिळ होती म्हणून हा धर्म पाळला गेला हें खरें. पण धर्म चांगला होता हेंहि खरें.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली 'मारुति ८००' ग्राहकाच्या हातीं पडली आणि हें चित्र पालटूं लागलें. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, बॅंकांचीं कर्जें सुलभ झालीं, आणि स्लोन यांची ती पायऱ्यांची शिडी आपल्या आळींतहि उभी राहिली.

स्वस्त म्हटल्यानें महाग पडली

या शिडीचा प्रभाव किती, याचें उदाहरण 'नॅनो'. चारचौघांचें कुटुंब पावसांत एका स्कूटरवर कसरत करीत जातांना पाहून रतन टाटा यांच्या मनांत या गाडीची कल्पना आली. २००८ मध्यें ती जगाला दाखविली आणि २००९ मध्यें विक्रीस आली. मूळ किंमत सुमारें एक लाख रुपये. हेतु इतका उदात्त, तरी गाडी अपेक्षेप्रमाणें खपली नाहीं व २०१८ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. कारखान्याच्या जागेचा वाद, झालेला विलंब, कांहीं गाड्यांना लागलेल्या आगी, हीं कारणें होतींच. परंतु 'सर्वांत स्वस्त मोटार' अशी तिची ख्याति झाली, ही चूक ठरली, असें स्वतः टाटा यांनींहि पुढें बोलून दाखविलें. पावसांत भिजणें पत्करलें, पण "सर्वांत स्वस्त गाडी याची" हें ऐकणें अनेकांना पत्करवेना! गरज आणि लौकिक यांच्या झगड्यांत लौकिकानें गरजेला असें चीत केलें.

उलटपक्षीं, गाडीच्या क्रमांकासाठीं लोक काय देतात तें पहावें. ४१४१ हा आंकडा वळवून 'दादा' असें वाचवावयाचें, ८०५५ मध्यें इंग्रजी 'बॉस' दाखवावयाचा, ही हौस सर्वश्रुत आहे. २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढविले, तेव्हां चारचाकीच्या १ या क्रमांकाचें शुल्क ५ लाख रुपये आणि मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणीं ६ लाख रुपये झालें. त्या रकमेंत त्या वर्षीं एक लहान नवी मोटार येत होती. म्हणजे एक कुटुंब पावसांतून वांचेल एवढें द्रव्य एका आंकड्यावर!

हप्ता आणि मांडव

येथपर्यंत हंसण्यासारखें होतें. यापुढें मात्र हंसूं येत नाहीं. १० लाखांचें कर्ज ९ टक्के व्याजानें ७ वर्षांसाठीं काढलें, तर दरमहा १६ हजारांहून थोडा अधिक हप्ता पडतो आणि एकंदर फेड सुमारें साडेतेरा लाखांची होते. विमा, पेट्रोल, दुरुस्ती हीं निराळीं. त्यांत पुन्हां, सोनें ठेवलें तर मोल राखतें, मोटार दारांत नुसती उभी राहिली तरी दर वर्षीं उतरते. गाडीची गरज असेल, तर हा खर्च खर्च नव्हे, सोय होय. परंतु मेहुण्याची गाडी मोठी म्हणून आपलीहि मोठी, या हिशेबानें काढलेला हप्ता कोणाच्या ताटांतून जातो? मुलीच्या शिक्षणांतून, म्हाताऱ्यांच्या औषधांतून, आणि घरच्या गृहिणीच्या झोंपेंतून.

याहून भयंकर म्हणजे लग्नमांडवाच्या दारांत फुलांनीं सजवून उभी केलेली मोटार. "आम्ही कांहीं मागितलें नाहीं, त्यांनींच हौसेनें दिली," असें वरपक्ष म्हणतो. आणि येणारा प्रत्येक पाहुणा मुलीला पाहण्यापूर्वीं तिच्या बापानें कोणती गाडी दिली तें पाहून घेतो. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यानें हुंडा घेणें व देणें दोन्ही गुन्हा ठरविलें आहे. तरीहि मोटारीच्या रूपानें आलेल्या हुंड्याचें कौतुक सुशिक्षित घरांतहि होतें, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गाडी लहान निघाली म्हणून सुनेला टोमणे ऐकावे लागतात, आणि या टोमण्यांचें बीज पुष्कळदां आपल्याच दिवाणखान्यांतील, "आमच्या अमक्याच्या मुलाला सासऱ्यानें केवढी गाडी दिली!" या सहज गप्पेंत पेरलेलें असतें. बोलणारास तें ठाऊकहि नसतें. मुलें मात्र ऐकत असतात.

गप्पा असाव्यात कशा?

मग मोटारीविषयीं बोलूंच नये काय? अवश्य बोलावें. लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारींची एक यात्रा निघते. १८९६ च्या १४ नोव्हेंबरला इंग्लंडांत मोटारींवरील वेगाचीं जाचक बंधनें सैल झालीं, त्याची ही आठवण. आणि कांहीं वर्षांचे खंड सोडल्यास ती १९२७ पासून चालू आहे. त्यांत १९०५ पूर्वींच्याच गाड्यांना स्थान असतें. सुमारें साठ मैलांचा रस्ता. मालक नटूनथटून येतात, एकमेकांच्या गाड्या न्याहाळतात, बिघडलेल्या गाडीपाशीं दहा जण जमतात. परंतु ती शर्यत नव्हे. पहिला कोण आला याला तेथें महत्त्व नसून, ठरलेल्या वेळेच्या आंत जो जो पोंचेल त्याला पदक मिळतें. एकाचा आनंद वाढला म्हणून दुसऱ्याचा घटत नाहीं, असा हा मोटारमालकांचा मेळा आहे.

आपल्या घरींहि हाच दंडक चालावा. गाडीची किंमत सांगण्याऐवजीं तिनें घडविलेला प्रवास सांगावा. पाहुण्याच्या गाडीला आपल्या गाडीची मोजपट्टी लावूं नये. ज्याच्याकडे गाडी नाहीं त्याच्यासमोर हा विषय लांबवूं नये, त्यापेक्षां "कोठवर सोडूं?" असें विचारावें. एकत्र कुटुंबांत तर मोटारीची किल्ली एकाच्याच खिशांत न राहतां खुंटीवर असावी, आणि ती चालविण्यास सुनांनीं व मुलींनींहि शिकावें. आजींना देवदर्शनास, काकांना डॉक्टरांकडे आणि सुनेला माहेरीं नेण्याचें पहिलें काम, हवा खाण्याचें नंतरचें.

दसऱ्याला आपण इतर आयुधांबरोबर वाहनाचीहि पूजा करतों. त्या दिवशीं गाडी धुवून, हार घालून ती खुशाल दारांत मिरवावी. मात्र हार घालतांना घरांतल्या प्रत्येकानें मनाशीं एवढें आठवून पहावें, कीं सरलेल्या वर्षांत ही गाडी कोणाकोणाच्या उपयोगीं पडली. यादी लांब निघाली, तर गाडी लहान असली तरी तिचें कौतुक चारचौघांत मोकळ्या मनानें करावें.