झुंजार माशाचे अपत्यसंगोपन

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत शोभेच्या माशांच्या कोणत्याही दुकानात काचेच्या लहान बरणीत एकाकी ठेवलेला, पिसाऱ्यासारख्या शेपटीचा मासा दृष्टीस पडतो. दुकानदार त्याला ‘फायटर’ म्हणतो. दोन नर एका भांड्यात ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात, म्हणून हे नाव. परंतु हाच भांडखोर मासा पिता या नात्याने किती दक्ष असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत असलेले थिओडोर कँटर यांनी १८४९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे प्रचलित शास्त्रीय नाव, बेटा स्प्लेंडेन्स, चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

घरी वीण करावयाची असल्यास पसरट भांड्यात वीतभरापेक्षा कमी पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते एक दिवस बादलीत ठेवून मग वापरावे. मात्र बादलीवर फडके बांधावे, नाही तर डास अंडी घालतील. पाण्याची उष्णता २६ ते २८ अंश असावी. बोरिवली-मुलुंडकडे डोंगराच्या पायथ्याशी पौष-माघातील रात्री गारठ्याच्या असतात. तेव्हा हे काम फाल्गुनानंतरच हाती घेणे बरे. उपनगरातील रस्त्यांच्या कडेला देशी बदामाची लाल पाने गळून पडतात. त्यांपैकी स्वच्छ वाळलेले एक पान धुऊन पाण्यावर सोडावे. त्याच्या आश्रयाने नर तोंडातून बुडबुडे सोडून फेसाचे घरटे बांधतो.

मादीला प्रथम काचेच्या नळकांड्यात ठेवून नराच्या नजरेसमोर आणावी आणि घरटे तयार झाल्यावर मोकळी सोडावी. नर तिला वेढा घालतो. अंडी खाली पडू लागताच ती तोंडात झेलून घरट्यात नेऊन ठेवतो. एका खेपेस शेकडो अंडी होतात. अंडी घालून होताच मादीला बाहेर काढावे, कारण नर आता तिच्यावर धावून जातो. सुमारे दीड-दोन दिवसांत पिल्ले फुटतात. ती घरट्याखाली लोंबकळत असतात. निसटून खाली पडलेले प्रत्येक पिल्लू बाप पुन्हा उचलून जागी ठेवतो.

पुढे दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागतात. येथे बापाचे काम संपते, कारण आता तोच त्यांना गिळण्याचा संभव असतो. त्याला काढताच सर्व भार पाळणाऱ्यावर येतो, आणि बहुतेक विणी याच टप्प्यावर फसतात. पिल्लांचे तोंड सुईच्या अग्राएवढे असते. दुकानी खाद्य त्यात मावत नाही आणि कुजून पाणी मात्र नासते. म्हणून जोडी लावण्यापूर्वीच चार-पाच दिवस एका बरणीत कोबीचे पान कुजवत ठेवावे. त्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव हाच पिल्लांचा पहिला आहार. आठवड्याने आर्टेमियाची ताजी पिल्ले द्यावीत. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात सुमारे एका दिवसात उबतात.

दुसरा धोका हवेचा. कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचे जे खास इंद्रिय या माशाला असते, ते पिल्लांत तीन-चार आठवड्यांचे वय होईपर्यंत नीट बनत नाही. म्हणून भांड्यावर झाकण ठेवून पाण्यावरील हवा उबदार व दमट राखावी, आणि हवा खेळण्यापुरती फट ठेवावी.

दोन-तीन महिन्यांत नर ओळखू येऊन भांडू लागतात. मग चाळीस नरांना चाळीस बरण्या लागतात आणि तितक्यांचे पाणी बदलावे लागते. दोन खोल्यांच्या घरात हे कसे जमणार? कंटाळून कित्येकजण पिल्ले पवईच्या तलावात सोडून ‘मुक्त’ करतात. ती दया नव्हे. परका प्राणी तेथील माशांना बाधक होऊ शकतो, आणि स्वतःही बहुधा जगत नाही. तेव्हा पिल्ले कोण घेणार, हे अगोदर ठरवावे आणि मगच नर-मादीची गाठ घालावी.

बाप आपले काम तीन-चार दिवस अहोरात्र करतो. माणसाची पाळी त्यानंतर तीन महिने असते. तेवढी तयारी असेल त्यानेच हा छंद धरावा. त्याला एका थेंबाएवढ्या जिवाला रंग चढताना पाहण्याचे सुख खचित मिळेल.