म्हातारपणाच्या नावाखाली दडलेला आजार

नांदेड जिल्ह्यात, माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि तेथे दात पाहून घोड्याचे वय ओळखले जाते. पण वय कळले म्हणजे आजार कळला असे होत नाही. वरातीचा घोडा 15 वर्षांपुढे खंगू लागला की सारा दोष म्हातारपणाच्या माथी मारला जातो, आणि आटोक्यात ठेवता येणारा विकार तसाच राहून जातो.

हा विकार मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा आहे. तिच्या मधल्या भागावर डोपामिन या रसायनाचा लगाम असतो. ते पुरवणाऱ्या चेतापेशी वयपरत्वे झिजल्या की तो भाग वाढतो आणि एसीटीएचसारखी संप्रेरके बेसुमार स्रवू लागतात. भर वैशाखातही अंगावर लांब, कुरळे केस टिकून राहणे ही त्याची ठळक खूण असली, तरी ती बहुधा उशिरा दिसते; त्याआधीच पाठीवरून हात फिरवताना कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस ओसरल्याचे जाणवते, पोट सुटते, तहान व लघवी वाढते आणि जखमा लवकर भरत नाहीत.

निदानासाठी रक्तातील एसीटीएच मोजतात. हे संप्रेरक उष्णतेने नष्ट होत असल्याने नमुना ईडीटीएच्या नळीत घेऊन लगेच थंड ठेवावा लागतो. गावातून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेताना तो तापला, तर आकडा खोटा कमी येऊन आजारी घोडा निरोगी ठरू शकतो. शिवाय निरोगी घोड्यातही पावसाळ्याच्या अखेरीस हे प्रमाण वाढते, म्हणून ऋतू लक्षात घ्यावाच लागतो, आणि शंका उरल्यास टीआरएच हे संप्रेरक टोचून 10 मिनिटांनी पुन्हा रक्त तपासतात.

पर्गोलाइड हे औषध डोपामिनचे काम करते; पशुवैद्य सहसा दर किलो वजनामागे रोज 2 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात आणि ते जन्मभर द्यावे लागते. झिजलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, सुरुवातीला भूकही मंदावते, पण घोड्याचे जगणे खूपच सुसह्य होते. इन्सुलिनची तपासणी मात्र टाळू नये, कारण ते वाढलेले असताना मायेने भरवलेला गूळ व धान्य लॅमिनायटिसला, म्हणजे खुराच्या आतील वेदनादायी बिघाडाला, आमंत्रण देते. अशा घोड्याला मुख्यतः सुका चारा द्यावा, नियमित खूर साळावेत, दात तपासावेत आणि उन्हाळ्यात अंगावरचे केस कातरावेत.