‘वळणे’ : अर्थ आणि उपयोग

‘वळणे’ म्हणजे दिशा बदलणे. ‘परतणे’, ‘फिरणे’, ‘मुरडणे’ हे शब्द त्याच्या जवळचे. परंतु छटा वेगळ्या. एसटी वणीच्या रस्त्याला वळते, सायंकाळी यवतमाळला परतते. शब्द देऊन माणूस फिरतो. नापसंतीने नाक मुरडतो. शिवाय दोर वळतात, लाडू वळतात, गुराखी गुरे वळतो.

डॉ. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षांचे चिंतन होते. म्हणून ‘धम्माकडे वळणे’ म्हणजे विचारपूर्वक दिशा घेणे, असे आम्ही मानतो.

‘कळते पण वळत नाही’ या म्हणीत वळणे म्हणजे आचरणात येणे. विद्यार्थी मित्रहो, पंचशील पाठ होणे हे कळणे. व्यसन सुटणे हे वळणे.