फिलिपीन्समधील लोकशक्ती क्रांती

फिलिपीन्समधील लोकशक्ती क्रांती : (२२–२५ फेब्रुवारी १९८६). फिलिपीन्सचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस (११ सप्टेंबर १९१७–२८ सप्टेंबर १९८९) यांची वीस वर्षांची राजवट संपुष्टात आणणारे, मुख्यतः अहिंसक स्वरूपाचे जनआंदोलन. मॅनिला महानगराला वळसा घालणाऱ्या एपिफानियो दे लोस सांतोस या रुंद हमरस्त्यावर लाखो नागरिकांनी चार दिवस ठाण मांडले. या रस्त्याच्या आद्याक्षरांवरून ते ‘एड्सा क्रांती’ या नावानेही ओळखले जाते. रस्त्यावरील जनसमुदायाच्या दबावाने शासन बदलल्याच्या विसाव्या शतकातील घटनांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. असा समुदाय काय साधू शकतो आणि त्याच्या हातून काय सुटते, या दोन्ही गोष्टी या उदाहरणात स्पष्ट दिसतात.

पार्श्वभूमी : मार्कोस १९६५ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले आणि १९६९ मध्ये फेरनिवडणुकीत विजयी झाले. १९३५ च्या संविधानानुसार त्यांना तिसऱ्यांदा अध्यक्ष होता येत नव्हते. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी साम्यवादी बंडाळीचे कारण पुढे करून लष्करी कायदा जारी केला. संसद बंद झाली, वृत्तपत्रे व नभोवाणी केंद्रे ताब्यात घेण्यात आली आणि विरोधी नेत्यांना तुरुंगात टाकण्यात आले. लष्करी कायदा जानेवारी १९८१ मध्ये औपचारिक रीत्या उठविण्यात आला. तथापि हुकूमनाम्याद्वारे कायदे करण्याचा अधिकार मार्कोस यांनी स्वतःकडेच ठेवला. या काळातील छळ, बेकायदा अटका, हत्या व बेपत्ता होण्याच्या प्रकरणांची छाननी पुढे २०१३ च्या कायद्यान्वये नेमलेल्या मंडळाने केली व ११,१०३ व्यक्तींचे दावे ग्राह्य धरले.

नारळ व साखर या देशाच्या प्रमुख निर्यात पिकांचा व्यापार अध्यक्षांच्या मर्जीतील मोजक्या लोकांच्या हाती एकवटला होता. परकीय कर्ज वाढत गेले आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारला कर्जफेड स्थगित करावी लागली. १९८४ व १९८५ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय उत्पादन सुमारे सात टक्क्यांनी घटले. परिणामी, लष्करी कायद्याच्या प्रारंभी शिस्त व स्थैर्य यांचे स्वागत करणारा व्यापारी व मध्यमवर्गही राजवटीपासून दुरावला.

विरोधाचा विस्तार : मार्कोस यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी बेनिग्नो (निनॉय) अ‍ॅक्विनो (२७ नोव्हेंबर १९३२–२१ ऑगस्ट १९८३) सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. १९८० मध्ये हृदयविकाराच्या उपचारासाठी ते अमेरिकेस गेले. तेथून परतत असता मॅनिलाच्या विमानतळावर, लष्करी पहाऱ्यात असतानाच त्यांचा गोळी घालून खून करण्यात आला. त्यांच्या अंत्ययात्रेस सुमारे वीस लाख लोक होते. यानंतर निदर्शने विद्यार्थी व कामगार यांच्यापुरती उरली नाहीत. मकाटी या व्यापारी विभागात कचेऱ्यांतील कर्मचारी मोर्च्यांत उतरू लागले आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून मोर्चेकऱ्यांवर पिवळ्या कागदांच्या तुकड्यांचा वर्षाव होऊ लागला. पिवळा रंग हे विरोधाचे चिन्ह ठरले. खुनाच्या खटल्यात सरसेनापती फाबियान व्हेर यांच्यासह सर्व आरोपी डिसेंबर १९८५ मध्ये निर्दोष सुटले, तेव्हा न्यायालयांवरील उरलासुरला विश्वासही ढळला.

मुदतपूर्व निवडणूक : देशातील असंतोष व अमेरिकेचा वाढता दबाव यांना उत्तर म्हणून मार्कोस यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. विरोधकांत फूट पडेल, हा त्यांचा होरा होता. तो चुकला. साल्वादोर लॉरेल यांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली आणि निनॉय यांच्या पत्नी कोराझोन अ‍ॅक्विनो (२५ जानेवारी १९३३–१ ऑगस्ट २००९) अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. साम्यवादी पक्षाने मात्र या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. त्यामुळे पुढील निर्णायक घडामोडींत तो बाजूला पडला.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मतदान झाले. मतपेट्या पळविणे, मतदारयाद्यांतून नावे गाळणे, दहशत व पैसेवाटप असे गैरप्रकार उघडपणे घडले. नागरिकांच्या स्वयंसेवी निरीक्षक संघटनेच्या मोजणीत अ‍ॅक्विनो, तर शासकीय निवडणूक आयोगाच्या मोजणीत मार्कोस आघाडीवर होते. ९ फेब्रुवारीला आयोगाच्या मतमोजणी केंद्रातील तिसाहून अधिक संगणक कर्मचारी, फलकावरील आकडे आपल्याजवळील आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून काम सोडून बाहेर पडले. ११ फेब्रुवारी रोजी विरोधी नेते एव्हेलियो हावियेर यांची आंतिके प्रांतात भरदिवसा हत्या झाली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने लबाडीने मिळविलेल्या सत्तेस नैतिक अधिष्ठान नसल्याचे जाहीर केले. तरीही १५ फेब्रुवारीस विधिमंडळाने मार्कोस यांना विजयी घोषित केले. दुसऱ्या दिवशी मॅनिलातील प्रचंड सभेत अ‍ॅक्विनो यांनी अहिंसक असहकाराचे आवाहन केले. मार्कोस यांच्या निकटवर्तीयांच्या बँका, वृत्तपत्रे व उत्पादने यांवरील बहिष्कार हा त्याचा मुख्य भाग होता.

चार दिवसांतील घडामोडी : संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले व त्यांच्या पाठीशी असलेले तरुण लष्करी अधिकारी यांनी बंडाचा कट रचला होता. तो उघडकीस आल्याने २२ फेब्रुवारीस एन्रिले आणि उपसेनाप्रमुख फिडेल रामोस यांनी लष्करी तळांचा आश्रय घेतला व मार्कोस यांच्याशी असलेले संबंध तोडले. त्यांच्याजवळील सैनिक थोडे होते. हल्ला झाला असता तर ते टिकू शकले नसते. त्या रात्री मॅनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी चर्चच्या नभोवाणी केंद्रावरून लोकांना या तळांकडे जाण्याचे व सैनिकांना अन्न पुरविण्याचे आवाहन केले. निनॉय यांचे बंधू अगापितो अ‍ॅक्विनो यांनीही लोकांना बोलावले. काही तासांतच हजारो लोक रस्त्यावर जमले. पुढील दिवसांत ही संख्या दहा ते वीस लाखांपर्यंत गेल्याचे अंदाज आहेत.

२३ फेब्रुवारीच्या दुपारी जनरल आर्तेमियो तादियार यांच्या हाताखालील नौसैनिकांचे रणगाडे तळाच्या दिशेने निघाले. ओर्तिगास मार्गाजवळ लोकांनी त्यांची वाट अडविली. जोगिणी जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. स्त्रियांनी सैनिकांना फुले व खाद्यपदार्थ दिले. रणगाडे माघारी वळले. २४ फेब्रुवारीस सकाळी कर्नल आंतोनियो सोतेलो यांचे हेलिकॉप्टर पथक तळावर उतरले, ते हल्ला करण्यासाठी नव्हे, तर बंडखोरांना मिळण्यासाठी. त्याच दिवशी समोरच्या तळावर पोहोचलेल्या कर्नल ब्राउलियो बाल्बास यांना तोफा डागण्याचे आदेश वारंवार मिळाले. निरनिराळ्या सबबी सांगत त्यांनी वेळ काढला आणि अखेर तोफा डागल्या नाहीत. शासकीय दूरचित्रवाणी केंद्रही बंडखोरांच्या हाती गेले.

२५ फेब्रुवारी रोजी सकाळी कोराझोन अ‍ॅक्विनो यांनी क्लब फिलिपिनो येथे न्यायमूर्ती क्लौदियो तीहांकी यांच्यासमोर अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी मालाकान्यांग प्रासादात मार्कोस यांनीही शपथ घेतली. परंतु अमेरिकेचा पाठिंबा संपला होता आणि सेनेतील बहुतेक पथके दुसऱ्या बाजूस गेली होती. रात्री अमेरिकन हेलिकॉप्टरांतून त्यांना क्लार्क हवाई तळावर व तेथून पुढे ग्वाममार्गे हवाईस नेण्यात आले. होनोलूलू येथे १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

यशाची कारणे : केवळ जमावाच्या आकारामुळे मार्कोस यांची सत्ता गेली, असे म्हणणे अपुरे ठरेल. प्रत्येक शासन आज्ञा पाळणाऱ्यांच्या बळावर उभे असते. संगणक कर्मचारी, बिशप, वैमानिक, तोफखान्याचे अधिकारी अशा अनेकांनी आपापल्या जागी आज्ञापालन नाकारले, तेव्हा ते शासन कोसळले. एकटे बंडखोर सैनिक सहज चिरडले गेले असते आणि सेनेत फूट नसती, तर निःशस्त्र लोकांवर गोळीबार होणे अशक्य नव्हते. समुदायाने बंडखोरांना संरक्षण दिले व आज्ञा मोडू इच्छिणाऱ्या सैनिकांना ती मोडण्याचे नैतिक कारण पुरविले. चर्चची देशव्यापी संघटना, नभोवाणीवरून सतत मिळणारी वार्ता आणि निवडणुकीमुळे उपलब्ध झालेला एक सर्वमान्य पर्यायी नेता यांचाही वाटा मोठा होता.

परिणाम व मर्यादा : नव्या शासनाने राजकीय कैद्यांना मुक्त केले आणि मार्कोस कुटुंबाच्या संपत्तीचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला. स्वित्झर्लंडमधील ठेवींपैकी सुमारे ६५.८ कोटी डॉलर शासनजमा करण्याचा निर्णय फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. फेब्रुवारी १९८७ मध्ये सार्वमताने संमत झालेल्या संविधानाने अध्यक्षास सहा वर्षांची एकच कारकीर्द दिली आणि लष्करी कायद्यावर साठ दिवसांची मुदत, संसदेचे नियंत्रण व न्यायालयीन छाननी ही बंधने घातली.

जमीनमालकीची विषम घडी मात्र फारशी बदलली नाही. अ‍ॅक्विनो स्वतः मोठ्या जमीनदार घराण्यातील होत्या. २२ जानेवारी १९८७ रोजी मालाकान्यांगजवळ मेन्दिओला येथे जमिनीची मागणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन किमान बारा जण मृत्युमुखी पडले. एका वर्षापूर्वी रणगाडे न चालविणाऱ्या राज्यात हे घडले. १९८८ च्या कृषिसुधारणा कायद्यात जमीनदारांसाठी अनेक पळवाटा राहिल्या. क्रांतीत सहभागी झालेल्या लष्करी गटांनीच नव्या शासनाविरुद्ध अनेकदा बंडाचे प्रयत्न केले. त्यांपैकी डिसेंबर १९८९ मधील प्रयत्न सर्वांत गंभीर होता.

जानेवारी २००१ मध्ये याच रस्त्यावरील निदर्शनांमुळे अध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांना पद सोडावे लागले. ते १९९८ मध्ये रीतसर निवडून आलेले असल्याने, निवडणुकीने दिलेली सत्ता रस्त्यावर काढून घेणे कितपत उचित, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. १९८६ मध्ये तो उद्भवला नव्हता. कारण तेव्हाचे आंदोलन मतदारांचा डावललेला कौल प्रस्थापित करण्यासाठी होते. मे २०२२ मध्ये मार्कोस यांचे पुत्र फर्डिनंड मार्कोस (धाकटे) अठ्ठावन्न टक्क्यांहून अधिक मते मिळवून अध्यक्ष झाले. त्यांच्या बहुसंख्य तरुण मतदारांना लष्करी कायद्याचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. मार्कोस घराण्याचे हे पुनरागमन १९८६ च्या क्रांतीने दिलेल्या मताधिकारातूनच घडले. चार दिवसांत शासन बदलता आले. परंतु संस्था, जमिनीचे वाटप व लोकांची स्मृती यांचे काम पुढील पिढ्यांवर राहिले.