एका हातानं जुळणारं फूल

युरोपातल्या शेतांमध्ये उगवणारी लाल पॉपी ही आपल्या खसखशीच्या जातकुळीतली. बी अगदी बारीक, पण चिकाटी अशी की मातीखाली गाडलं गेलं तरी कित्येक दशकं जिवंत राहतं. माती खालीवर झाली, उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर तोफगोळ्यांनी जमीन उकरून काढली आणि ते निजलेलं बी जागं झालं. ताज्या कबरींच्या मधून लाल फुलं डोलू लागली. कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी १९१५ साली त्यांच्यावर कविता लिहिली.

मोइना मायकेल या अमेरिकन प्राध्यापिकेनं ती कविता नोव्हेंबर १९१८ मध्ये वाचली. युद्ध संपायला दोनच दिवस उरले होते. त्यांनी न्यूयॉर्कच्या एका दुकानातून रेशमी पॉपी आणल्या, एक स्वतः लावली, बाकीच्या वाटल्या. त्या फुलाला कमाईची वाट दाखवली ती फ्रान्सच्या आना गेरँ यांनी: युद्धात होरपळलेल्या फ्रेंच मुलखातल्या बायकांनी कापडी फुलं करायची आणि जगानं ती विकत घ्यायची. १९२१ साली ब्रिटनमध्ये पहिला पॉपी दिन झाला. ९० लाख फुलं खपली, १ लाख ६ हजार पौंड जमले.

मला खरं थक्क करतं ते त्याच्या पुढचं वर्ष. मेजर जॉर्ज हाउसन यांनी विचार केला की फुलं बाहेरून का आणायची? हात-पाय गमावून आलेले आपलेच सैनिक ती का करणार नाहीत? १९२२ मध्ये लंडनच्या ओल्ड केंट रोडजवळ पाच अपंग सैनिकांना घेऊन त्यांनी कारखाना सुरू केला. हे फार चालेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. आईवडिलांना तसं कळवूनच ते कामाला लागले. फुलाची घडण मुद्दाम सोपी ठेवली: लाल पाकळी, मधोमध काळं बटण, हिरवा देठ. पाकळी देठावर बसवायची, वरून बटण दाबायचं. एकच हात उरलेल्या माणसालाही ते जुळवता यावं, असा त्यामागचा हिशेब होता. एरवी वस्तू आधी ठरते आणि माणसानं तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं. इथे आधी माणूस पाहिला आणि मग फूल ठरवलं.

लंडनची फुलं स्कॉटलंडपर्यंत पुरेनात, म्हणून ब्रिटिश सेनापती हेग यांच्या पत्नी लेडी हेग यांनी १९२६ साली एडिंबरात वेगळा कारखाना काढला. तिथली पॉपी आजही चार पाकळ्यांची, बिनपानाची. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिकविरहित, निव्वळ कागदी पॉपी आली. तिच्या कागदात कॉफीच्या कपांच्या उत्पादनातून उरलेल्या कागदाचे धागे आहेत. आणि किंमत? ठरलेली नाही. डब्यात मनाला येईल तेवढं टाकायचं.

हे फूल आपल्याकडेही आलं होतं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ११ नोव्हेंबरला इथेही कागदी पॉपी देऊन वर्गणी गोळा होई, पण त्यातला पैसा ब्रिटिश माजी सैनिकांकडेही वळवता येत असे. स्वातंत्र्यानंतर आपण आपला दिवस ठरवला. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तिन्ही दलांचे रंग ल्यालेला तो चिमुकला झेंडा शाळा-कचेऱ्यांत खिशावर लागतो. त्याचा पैसा युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी, जायबंदी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी.

हाउसन यांच्या कारखान्यासारखी जागा आपल्याकडेही आहे. पुण्याजवळ खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटचा जन्म १९१७ चा. अपंग सैनिकांना हातात हुन्नर देण्याचं काम तेव्हापासून चालू आहे. ध्वजदिनाचे झेंडे अशा हातांनी घडवलेले असावेत आणि तसं त्या झेंड्याच्या पाठीवर छापलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.